विश्लेषण : विमा तारण ठेवून लंडनची वारी... दादासाहेब फाळके यांचा १९१२ मधील एकट्याचा परदेश प्रवास का महत्त्वाचा ठरला?

भारतीय चित्रपटसृष्टीची सुरुवात सांगताना ३ मे १९१३ ही तारीख हमखास येते. त्या दिवशी मुंबईच्या गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला. त्याच्या पंधरा महिने आधीची एक तारीख मात्र फारशी कुणाला आठवत नाही. १ फेब्रुवारी १९१२ रोजी धुंडिराज गोविंद फाळके एकटेच लंडनला निघाले होते. वय बेचाळिशीला टेकलेले, हातचा व्यवसाय सुटलेला, नुकत्याच बऱ्या झालेल्या डोळ्यांवर चष्मा आणि खिशात विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून उभे केलेले पैसे. नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या आणि नाशिकमध्येच अखेरचा श्वास घेतलेल्या या माणसाच्या आयुष्यातील तो प्रवास जेमतेम दोन महिन्यांचा होता. त्यातून काय मिळाले, त्याची किंमत कोणी मोजली आणि दोनच वर्षांनी झालेला दुसरा लंडन दौरा का फसला, याचा हा आढावा.

लंडनला निघण्यापूर्वीचे फाळके कोण होते?

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. मुलानेही शास्त्री व्हावे असा घरचा रिवाज होता. पण धुंडिराजाचा ओढा चित्रे, नाटके आणि जादूचे प्रयोग यांकडे होता. वडिलांना मुंबईत अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब तिकडे आले. १८८५ मध्ये धुंडिराज सर जे. जे. कला शाळेत दाखल झाले. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला जाऊन त्यांनी कलाभवनात शिक्षण घेतले. तेथे चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचा नाद लागला. ठसे तयार करणे, शिळाछपाई आणि रंगीत छपाई या गोष्टीही ते शिकले.

त्यानंतरची वीस वर्षे सरळ रेषेत गेली नाहीत. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून घेतले. बडोद्यात पुन्हा स्टुडिओ उघडला. पण कॅमेऱ्यासमोर बसल्याने अंगातली शक्ती जाते, या समजुतीमुळे गिऱ्हाईक फिरकेना. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून त्यांनी दिवस काढले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई पुढे सर्वांच्या ‘काकी’ झाल्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले, तेव्हा ही पक्की नोकरी सोडून ते छापखान्याच्या धंद्यात उतरले.

थोडक्यात, १९१२ चे फाळके हौशी तरुण नव्हते. छायाचित्रण, रसायने, छपाई, नेपथ्य आणि जादू या पाच धंद्यांत हात घातलेला, प्रत्येक ठिकाणी काही शिकलेला आणि जवळपास प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडलेला तो कारागीर होता.

ते त्याआधी परदेशी गेले होते का?

होय. लंडनचा प्रवास हा त्यांचा पहिला परदेश प्रवास, असा समज अनेकदा आढळतो. तो बरोबर नाही. लोणावळ्यात सुरू झालेला त्यांचा छापखाना पुढे मुंबईत दादरला हलला आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने नावारूपाला आला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीही फाळके यांनी काम केले होते. रंगीत छपाईत तेव्हा जर्मनीचा हात धरणारे कोणी नव्हते. म्हणून १९०९ मध्ये यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीला गेले.

हा प्रवास एका चालत्या धंद्याच्या जोरावर झाला होता. भांडवल भागीदारांचे होते, काय विकत घ्यायचे हे ठरलेले होते आणि परतल्यावर यंत्रे लावायला जागा तयार होती. १९१२ मध्ये यातले काहीच उरले नव्हते. भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके यांनी स्वतः उभा केलेला छापखाना सोडला. त्याच धंद्यात दुसरा छापखाना काढावा, असे सांगणारे मित्र होते, पैसे लावायला तयार असलेले लोकही होते. फाळके यांनी ते ऐकले नाही.

सिनेमाचे वेड कुठून लागले?

छापखाना सुटल्याच्या त्या रिकाम्या काळात, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर येशूचे प्रसंग सरकत असताना मनात राम आणि कृष्ण दिसू लागले, असे त्यांनी पुढे १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत लिहून ठेवले. त्यांच्या या काळाविषयी आज जे सांगितले जाते, त्यातील बराच भाग याच लेखांवर आधारलेला आहे.

त्यानंतर मुंबईत लागेल तो चित्रपट पाहायचा, घरी येऊन त्याचा विचार करायचा, मिळतील ती इंग्रजी पुस्तके आणि सूचीपत्रे वाचायची, असा क्रम सुरू झाला. झोप अगदी थोडी. कमाई बंद असल्याने घरातील सामान विकण्याची पाळी आली. डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली, पण चष्म्यांच्या आधारानेच. ज्या माणसाला पुढचे आयुष्य कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहायचे होते, त्याच्यासाठी हा इशारा साधा नव्हता.

मुंबईत राहून शिकता आले नसते का?

सिनेमा भारतात नवा नव्हता. ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या होत्या. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रीकरण केले होते. म्हणजे कॅमेरा चालवणारे मराठी हात होते. नव्हती ती संपूर्ण साखळी.

त्या काळी चित्रपट तयार करणे म्हणजे केवळ कॅमेऱ्याचा दांडा फिरवणे नव्हते. परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडावी लागत. छिद्रांतील अंतर जराही चुकले, तर पडद्यावरचे चित्र थरथरे. चित्रण झाल्यावर अंधाऱ्या खोलीत रसायनांत फिल्म धुवायची, मूळ प्रतीवरून दाखवण्याची प्रत छापायची, तुकडे जोडायचे आणि मग ती पडद्यावर टाकायची. यातला एक दुवा जरी हातात नसला, तरी परक्यांवर अवलंबून राहणे आले. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी कॉरोनेशनमध्येच झळकला. तो म्हणजे नाटकाचे चित्रण होते. त्यासाठी कॅमेरा चालवणारा माणूस इंग्रज होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती.

फाळके यांना नेमके हेच टाळायचे होते. पुस्तकातून रसायनांची नावे कळत होती. प्रत्यक्ष काम करताना हात कसा फिरतो, हे कळत नव्हते. त्यासाठी चालता कारखाना पाहणे भाग होते आणि तो पाहण्याची सोय भारतात नव्हती.

पैसे कुठून आले आणि धोका किती होता?

सावकाराला दाखवण्यासारखे फाळके यांच्याकडे काही नव्हते. घर नाही, छापखाना नाही. चित्रपटनिर्मिती हा धंदा देशात अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे त्यावर कर्ज देणार कोण? शेवटी आयुर्विम्याच्या पॉलिसी कामी आल्या. १२ हजार रुपयांच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी १० हजार रुपये उभे केले. तेव्हाच्या दराने एका पौंडाला १५ रुपये पडत. म्हणजे ही रक्कम साधारण ६६५ पौंड झाली. जाण्यायेण्याचा खर्च, लंडनमधील मुक्काम, यंत्रे, कच्ची फिल्म आणि परतल्यावरची जुळवाजुळव हे सगळे त्यातच भागवायचे होते.

धोक्याचे स्वरूप येथे नीट पाहायला हवे. विमा हा घरातल्या कर्त्या माणसाच्या पश्चात कुटुंबाला मिळणारा आधार. तोच तारण ठेवून कर्ता माणूस हजारो मैलांच्या सागरी प्रवासाला निघाला होता. मागे सरस्वतीबाई आणि लहान मुले होती. प्रवासात किंवा परक्या मुलुखात काही बरेवाईट झाले असते, तर घराकडे हक्काचे काही उरले नसते. शिवाय समुद्र ओलांडू नये, ही जुनी समजूत शास्त्री घराण्यांतून तेव्हा पुरती गेलेली नव्हती. नातेवाईक आणि स्नेही यांच्या दृष्टीने हा वेडेपणाच होता. सरस्वतीबाईंनी मात्र पतीला अडवले नाही.

लंडनमध्ये नेमके काय घडले?

एडन आणि सुएझ कालव्यावरून जाणाऱ्या त्या जलमार्गाने येण्याजाण्याचे आठवडे वजा केले, तर लंडनसाठी फाळके यांच्या हाती मोजकेच दिवस होते. चित्रपट व्यवसायात ओळखीचे कोणी नव्हते. कुणाची शिफारसपत्रे नव्हती. एक धागा तेवढा होता. ‘बायोस्कोप’ हे चित्रपट व्यवसायाचे लंडनहून निघणारे साप्ताहिक ते मुंबईत असताना वाचत. पिकॅडिलीच्या परिसरात फिरताना याच साप्ताहिकाच्या कार्यालयाची पाटी त्यांना दिसली आणि ते थेट आत गेले.

संपादक कॅबोर्न यांनी त्यांची विचारपूस केली. पण पहिला सल्ला निराश करणारा होता. खुद्द इंग्लंडमध्ये निर्माते अडचणीत असताना आणि भारताचे हवामान या कामाला मानवणारे नसताना या फंदात पडू नये, असे त्यांचे मत पडले. हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. उष्णतेत फिल्मवरचा थर मऊ होतो, रसायने बिघडतात, ही अडचण खरीच होती. फाळके यांनी आपली बाजू मांडली. छायाचित्रण आणि छपाईचा त्यांचा अनुभव नवशिक्याचा नाही, हे कॅबोर्न यांच्या लक्षात आले असावे. कारण नंतर त्यांनी केवळ सल्ला न देता प्रत्यक्ष मदत केली. यंत्रे कोणती घ्यावीत हे सांगितले आणि सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली.

हेपवर्थ हे त्या काळातील ब्रिटनमधील आघाडीचे निर्माते. लंडनच्या नैर्ऋत्येला, थेम्स नदीकाठच्या वॉल्टन येथे त्यांचा स्टुडिओ होता. चित्रपटकलेवरील अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक त्यांनी १८९७ मध्येच लिहिले होते. १९०५ चा त्यांचा ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ हा लघुपट जगभर गाजला होता. अशा माणसाने एका अनोळखी भारतीयाला स्टुडिओचे सगळे विभाग मोकळे करून दिले. चित्रण कसे होते, फिल्म कशी धुतली जाते, प्रती कशा छापल्या जातात, हे फाळके यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. कुठलाही अभ्यासक्रम नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. ज्याला आपल्याला काय येत नाही हे पक्के ठाऊक आहे, अशा माणसाला थोडे दिवसही पुरतात. फाळके यांच्या बाबतीत तसेच झाले.

परतताना त्यांनी काय आणले?

कॅबोर्न यांच्या सल्ल्याने फाळके यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. किंमत ५० पौंड, म्हणजे तेव्हाचे ७५० रुपये. त्याबरोबर फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र, धुण्या-छापण्याचे साहित्य आणि कोडॅकची कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवली. १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परतले आणि ‘फाळके फिल्म्स’ ही संस्था सुरू झाली. मागवलेले सामान काही आठवड्यांनी, मे महिन्यात पोहोचले. सोबत आलेल्या नकाशाबरहुकूम त्यांनी ते स्वतःच जोडले.

या यादीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फाळके यांनी परदेशातून तयार माणूस आणला नाही. कॅमेरामन, रसायनांचा जाणकार किंवा दिग्दर्शक यांपैकी कोणालाही इंग्लंडहून बोलावले नाही. साखळीतील प्रत्येक दुवा घरच्या माणसांकडून करून घ्यायचा, हे त्यांनी ठरवून टाकले होते.

मग लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाला का?

नाही. लंडनची वारी यशस्वी झाली असली, तरी पैसे संपत आले होते आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटाला भांडवल हवे होते. केवळ यंत्रे पाहून कोणी पैसे देईना. तेव्हा फाळके यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत, महिनाभराहून अधिक काळ चिकाटीने त्यांनी अंकुराची वाढ टिपली. पडद्यावर ती फिल्म मिनिटभरात संपे. त्या मिनिटभरात मातीतून कोंब वर येऊन त्याचा वेल होताना दिसे. छायाचित्रणाचे ज्ञान, यंत्रावरची पकड आणि जादूगाराची नजर यांचा मेळ या चिमुकल्या फिल्ममध्ये होता. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या परिचितांचा विश्वास बसला आणि कर्जाची सोय झाली.

‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रीकरण दादरमध्ये झाले. ज्या रस्त्यावर हे घडले, तो आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणून ओळखला जातो. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके यांना ती भूमिका दिली. रोहिताश्वाच्या भूमिकेत फाळके यांचा मुलगा भालचंद्र होता. त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा शिकवला तोही फाळके यांनीच. सुमारे ३७०० फूट लांबीचा हा चित्रपट तयार व्हायला जवळपास सात महिने लागले.

या प्रवासाची किंमत कोणी मोजली?

फाळके यांच्या धाडसाचे कौतुक नेहमी होते. घरचा हिशेब मागे पडतो. सरस्वतीबाईंचा वाटा नुसत्या संमतीपुरता नव्हता. दिवसभर चित्रीकरणाला राबणाऱ्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. रात्री सगळे झोपल्यावर अंधारात कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्याकडे असे. हात जरा सरकला तर फिल्म वाया आणि दिव्याचा उजेड पडला तरी वाया. फिल्म धुणे, रसायने कालवणे, चित्रीकरणात उन्हाचा उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून तासन् तास उभे राहणे, हेही त्या करत. अडचणीच्या वेळी अंगावरचे दागिनेही कामी आले.

वॉल्टनच्या स्टुडिओत हे प्रत्येक काम करायला वेगवेगळी माणसे होती. लंडनला गेले एकटे फाळके. पण तेथून आणलेली विद्या कामाला लागली ती दोघांमुळे. आज सरस्वतीबाईंचा उल्लेख भारतातील पहिल्या चित्रपट तंत्रज्ञ महिला असा केला जातो, तो याच कामामुळे.

फाळके नाशिकला का आले?

‘राजा हरिश्चंद्र’ चालला, कर्जे फिटू लागली आणि १९१३ मध्येच फाळके यांनी मुंबईतील मुक्काम हलवून नाशिक गाठले. जन्मगाव त्र्यंबकेश्वर येथून जवळ. पण कारण केवळ ओढीचे नव्हते. तेव्हा चित्रीकरण सूर्यप्रकाशावर चाले. नाशिकमध्ये मोकळी जागा आणि स्वच्छ ऊन होते. गोदावरीचे घाट, देवळे, वाडे, डोंगर आणि झाडी आयती होती. पौराणिक कथांसाठी याहून चांगले नेपथ्य पैसे देऊनही मिळाले नसते. रेल्वेमुळे मुंबई हाताशी होती. इंग्लंडमध्ये स्टुडिओ शहराच्या गर्दीपासून दूर, नदीकाठी असलेला त्यांनी पाहिलाच होता.

नाशिकच्या या पर्वातील पहिला चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे गोखले) यांनी भूमिका केल्या. भारतीय चित्रपटात स्त्रियांनी काम करण्याची ही सुरुवात होती. पाठोपाठ ‘सत्यवान सावित्री’ आला. कलावंत आणि कारागीर एकाच आवारात एकत्र राहत, काकींच्या हातचे जेवत आणि पडेल ते काम करत.

१९१४ चा दुसरा लंडन दौरा का फसला?

१९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले. या वेळी परिस्थिती अगदी उलट होती. दोन वर्षांपूर्वी ते विचारायला गेले होते. आता दाखवायला गेले. सोबत स्वतःचे तीन चित्रपट होते. हेपवर्थ यांचा स्नेह होता, ‘बायोस्कोप’ची ओळख होती. चित्रपटांचे खेळ झाले आणि अपुऱ्या साधनांत साधलेल्या तांत्रिक सफाईची वाखाणणी झाली. ट्रिक दृश्यांनी तेथील जाणकारही चकित झाले. परदेशात प्रती विकल्या जाण्याची बोलणी पुढे सरकत होती.

तेवढ्यात युरोपात युद्ध पेटले. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरला. व्यापाराची बोलणी जागच्या जागी थांबली. फाळके यांना परतावे लागले. नाशिकला पोहोचल्यावर दुसरा धक्का बसला. पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. कच्ची फिल्म परदेशातून येई. युद्धामुळे तिचा पुरवठा आणि भाव दोन्ही बेभरवशाचे झाले. स्टुडिओत माणसे होती, यंत्रे होती, नाव होते. काम चालवायला पैसा नव्हता.

दोन्ही प्रवास शेजारी ठेवले, की गंमत दिसते. पहिल्या वेळी हातात काहीच नव्हते आणि सगळे जमून आले. दुसऱ्या वेळी सगळे हातात होते आणि एका तारखेने ते निसटले. पहिल्या यशात फाळके यांच्या तयारीइतकाच अनोळखी माणसांच्या चांगुलपणाचा वाटा होता. दुसऱ्या अपयशात त्यांची चूक शोधायची म्हटली तरी सापडत नाही.

इंग्लंडमध्येच राहण्याची संधी होती का?

होती. भारतीय विषयांवरील चित्रपट इंग्लंडमध्ये राहून तयार करावेत, असा प्रस्ताव हेपवर्थ यांच्याकडून आला. पगार चांगला होता आणि खर्चाची काळजी मिटणार होती. पॉलिसी तारण ठेवून आणि दागिने मोडून धंदा करणाऱ्या माणसाला हा मोह सोपा नव्हता. फाळके यांनी तो नाकारला.

यामागे स्वदेशीची निष्ठा होतीच. सरकारी नोकरी त्याच विचाराने सोडलेली होती. त्याच्या जोडीला व्यवहारही होता. नाशिकला त्यांनी शिकवून तयार केलेली माणसे होती. मालक इंग्लंडमध्ये राहिला असता, तर ती पांगली असती आणि भारतात चित्रपट तयार करण्याची नुकतीच जुळलेली साखळी पुन्हा तुटली असती. या निर्णयाची आर्थिक झळ मात्र पुढची दोन-तीन वर्षे त्यांना आणि कुटुंबाला सोसावी लागली.

त्यानंतर पुढे काय झाले?

पडत्या काळात फाळके यांनी छोट्या फिल्म तयार केल्या, गावोगाव खेळ केले, कर्जासाठी दारे ठोठावली. १९१७ मध्ये ‘लंका दहन’ आला आणि नशीब फिरले. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. चित्रपटाने तुफान गर्दी खेचली. १ जानेवारी १९१८ रोजी मुंबईतील भांडवलदारांच्या भागीदारीत नाशिकला ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ उभी राहिली. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांत त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि घरोघरी पोहोचली.

यशाबरोबर जुने दुखणेही परतले. छापखान्यात झाले तेच येथे झाले. भागीदारांना हिशेब आणि वेळापत्रक हवे होते, फाळके यांना मनासारखे काम. मतभेद विकोपाला गेले आणि १९२० च्या सुमारास ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीला जाऊन राहिले. तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने ते कंपनीत परतले, पण पूर्वीचा अधिकार राहिला नव्हता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मूकपटांचे युग संपले. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव पूर्ण बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा चित्रपटसृष्टी लाखोंच्या उलाढाली करत होती. तिचा पाया घालणारा माणूस तंगीत आणि काहीसा विस्मरणात गेला होता.

जन्मशताब्दीच्या निमित्ताने केंद्र सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. १९६९ चा पहिला पुरस्कार देविका राणी यांना मिळाला. नाशिकमध्ये पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक उभे राहिले.

आज या प्रवासाकडे कसे पाहायचे?

फाळके यांची कथा सांगताना जिद्द हा एकच शब्द पुरतो असे मानले जाते. तपशील पाहिले तर चित्र जास्त मोलाचे दिसते. निघण्यापूर्वी त्यांच्याकडे वीस वर्षांचे हातकाम होते. त्यामुळे थोड्या दिवसांत काय पाहायचे, हे त्यांना माहीत होते. पैसे मर्यादित होते, म्हणून खरेदी मोजकी आणि विचारपूर्वक झाली. पहिल्याच भेटीत निराश करणारा सल्ला मिळूनही त्यांनी सल्ला देणाऱ्याला दुखावले नाही. उलट तोच माणूस पुढे वाटाड्या झाला. परतल्यावर पैसे मागण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची फिल्म तयार करून दाखवली.

दुसऱ्या बाजूला, हा धोका एकट्याचा नव्हता. पॉलिसी गेल्या त्या कुटुंबाच्या होत्या, रात्री जागल्या त्या सरस्वतीबाई होत्या आणि १९१४ नंतरची ओढाताण सोसली ती साऱ्या घराने. लंडनहून आलेला ५० पौंडांचा कॅमेरा भारतीय चित्रपटसृष्टीच्या इतिहासात मानाने नोंदला गेला आहे. त्याच नोंदीत १२ हजारांच्या त्या विमा पॉलिसींनाही जागा मिळायला हवी.